ग्रीसमध्ये नसलेला देव

रोममधल्या टायबर नदीच्या बेटावर काठाकडे उतरलात, तर एक दगडी जहाज दिसते. खरे तर त्याचा उरलेला तुकडाच. जवळ जाऊन पाहिले की झिजलेल्या दगडात काठीला वेटोळे घातलेला साप ओळखू येतो. इ.स.पू. २९३मध्ये शहरात साथ पसरली, तेव्हा रोमन लोकांनी ग्रीसमधल्या एपिडॉरसला जहाज पाठवून वैद्यकाचा देव अ‍ॅस्क्लेपियस आणवला. त्याच्याबरोबर आलेला साप याच बेटावर उतरला, असे सांगतात. बेटावर आजही रुग्णालय आहे.

हा देव सरळ ग्रीसहून आला. अपोलोचे तर नावही बदलले नाही. म्हणून रोमन देव म्हणजे नवी नावे घेतलेले ग्रीक देव, असा समज सहज होतो. मला तो पटत नाही. रोमन आणि ग्रीक देवांच्या या जोड्या बऱ्याचदा संकटाच्या काळात जुळल्या. इ.स.पू. २१७मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने ट्रॅसिमीन सरोवराकाठी रोमन सैन्य कापून काढले, तेव्हा हादरलेल्या शहराने बारा देवांसाठी सहा आसने मांडली आणि त्यांना जोडीजोडीने जेवू घातले. ज्युपिटर-ज्युनो, नेपच्यून-मिनर्व्हा, मार्स-व्हीनस... ही मांडणी ग्रीक धाटणीची होती. पण रोमन युद्धदेव मार्स आणि ग्रीक युद्धदेव एरीस एक कसे? होमरचा एरीस झ्यूसच्याही डोळ्यांत खुपतो. मार्स मात्र रोम वसवणाऱ्या रोम्युलसचा बाप, आणि रोमन लेखक केटोच्या शेतीवरच्या पुस्तकात शेतकरी पीक आणि गुरे सांभाळ म्हणून त्यालाच साकडे घालतो.

त्या बारांत जेनस नव्हता. आरंभाचा, दारांचा, दोन तोंडांचा हा देव. प्रार्थनेत पहिले नाव त्याचे. ग्रीसमध्ये तुझ्यासारखा कोणीच नाही, हे रोमन कवी ओव्हिडने त्याला उद्देशून लिहून ठेवले आहे. पुढे १७८४ साली संस्कृतचा इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्सने जेनसची जोडी थेट आपल्या गणपतीशी लावली. जोड्या लावायची हौस फार जुनी आहे.

बेटावरून शहराकडे जाणारा फॅब्रिशियस पूल इ.स.पू. ६२चा. त्याच्या कठड्यावरच्या खांबांना चार-चार तोंडे आहेत. बरेच जण त्यांना जेनसच समजतात. पुढे थोड्याच अंतरावर सान निकोला इन कार्चेरे हे चर्च लागते. त्याच्या बाहेरच्या भिंतीत जुन्या देवळांचे खांब चिणलेले आहेत. दोन खांबांमधली जागा बांधून काढली की झाली चर्चची भिंत. इथल्या तीन देवळांपैकी एक जेनसचे. इ.स.पू. २६०मध्ये मिली इथे कार्थेजच्या आरमाराला हरवणाऱ्या गायस ड्युइलियसने ते बांधले. या शहरात मला सर्वांत आवडलेली भिंत हीच.

तिथून फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, पायी गाठता येतो. जेनसचे सर्वांत महत्त्वाचे ठाणे तिथे होते: छोटीशी वास्तू, दोन्ही टोकांना दारे. युद्ध चालू असले की दारे उघडी, सगळीकडे शांतता झाली की बंद. आज तिथे तिचा दगडही दाखवता येत नाही; मिटलेली दारे पाहायची तर सम्राट नीरोची नाणी पाहावी लागतात. पहिला सम्राट ऑगस्टसने आपल्या कारकिर्दीचा लेखाजोखा लिहिला, त्यात ही दारे आवर्जून आली आहेत. शहर वसल्यापासून आपल्या जन्मापर्यंत ती दोनदाच बंद झाली होती, असे तो लिहितो. आणि आपल्या काळात तीनदा.