थांबविलेले औषध

गेल्या हिवाळ्यात मांडू येथे रूपमतीच्या मंडपाच्या पायऱ्या आमचे दादा माझ्या आधी चढून गेले व वर माझी वाट पाहत बसले. वय चौऱ्याहत्तर, प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग, आणि औषध मात्र बंद. हे शेवटचेच माझ्या मनात सलत होते.

किरणोपचारानंतर काही वर्षांनी दादांच्या रक्तातील पी.एस.ए.चा आकडा पुन्हा चढू लागला, तेव्हा पुरुषी संप्रेरक रोखणारी इंजेक्शने सुरू झाली. आठ महिन्यांत आकडा अगदी खाली आला आणि डॉक्टर म्हणाले, "तूर्त थांबू या. आकडा ठरावीक पातळीवर गेला की पुन्हा देऊ." अंगातून उठणारे ते गरम लोट आता थांबतील म्हणून दादा खुशीत होते. मला मात्र वाटले, डॉक्टरांनी आशा सोडली आणि ती गोष्ट गोड शब्दांत सांगितली. वैरी लोळत असता तलवार म्यान करणारा हा कसला सेनापती! घरी कोणापाशी बोललो नाही. परंतु कित्येक रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

आम्हांला तेथे नेणारे दादांचे जुने सोबती धारचे राहणारे. त्यांची कापसाची शेती खाली निमाडात, धरमपुरीकडे. मंडपातून दक्षिणेस तोच मुलूख पसरलेला दिसतो. हवा स्वच्छ असली तर नर्मदेची रेघही. वाटेत घेतलेले गोरखचिंचेचे फळ फोडता फोडता ते बोंडअळीवर आले.

बीटी कापसाला आपल्याकडे २००२ साली परवानगी मिळाली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत साध्या कापसाचे १२० ग्रॅम बी देत. ते शेताच्या कडेने पेरावयाचे, म्हणजे विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही तेथे जगतील आणि विष पचविणाऱ्या थोड्यांचा वंश त्यांच्यात मिसळून क्षीण होईल.

"आम्ही शहाणे!" ते हसले. "ते पाकीट बांधावर फेकलं. अळीला आपण होऊन जेवायला कोण वाढील?" पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानीनाशी झाली. २०१७ साली महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी तिचा केवढा तडाखा सोसला, ते वाचकांना स्मरत असेलच.

मी चमकलो. घरी परतल्यावर शोध घेतला. गाठीतील पेशी बदलत जातात व त्यांच्यात निवड होत राहते, हे फिलाडेल्फियाच्या पीटर नोवेल यांनी १९७६ सालीच मांडले होते. औषधाने दबणाऱ्या साऱ्या मेल्या की न दबणाऱ्यांना रान मोकळे! फ्लोरिडातील मॉफिट कर्करोग केंद्राच्या रॉबर्ट गेटनबी यांनी तर कीडनियंत्रणापासूनच धडा घेतला. पेशींत अळ्यांसारखा संकर नाही. तेथे झगडा जागेचा व अन्नाचा. म्हणून दबणाऱ्या काही राखावयाच्या, त्या इतरांना माजू देत नाहीत. रोग अंगभर पसरलेल्या रुग्णांना त्यांनी अबिराटेरोन दिले, पी.एस.ए. निम्म्यावर आला की बंद, मूळ आकड्यावर गेला की पुन्हा सुरू. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग बळावेपर्यंतचा मध्यक काळ १४.३ महिन्यांवरून ३३.५ महिन्यांवर गेला. तथापि असे रुग्ण अवघे १७, तुलनेस १६, आणि तेही चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हेत. एवढ्यावर इमारत उभारता येत नाही. शिवाय पुष्कळ कर्करोगांत, मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात तर विशेषच, ठरलेली मात्रा शेवटपर्यंत घेणे हाच जगण्याचा मार्ग आहे.

दादांचा उपचार याहून जुना. किरणोपचारानंतर पी.एस.ए. चढलेल्या १३८६ रुग्णांवरील चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. थांबून थांबून इंजेक्शने घेणारे हे सतत घेणाऱ्यांपेक्षा आयुष्यात उणे पडले नव्हते.

हे सारे दादांना वाचून दाखविले व माझा संशयही कबूल केला.

"अरे, मग डॉक्टरांनाच का नाही विचारलंस?" ते म्हणाले. "मी विचारलं होतं."

भस्मबुधवारच्या आठवड्यात रक्त तपासून आणले. आकडा थोडा चढला आहे. इंजेक्शन अद्याप नाही.