अज्जीची कौदी बडोद्याला

आमच्या घरी तेव्हा दुपारी एकच्या आत कुकरच्या शिट्ट्या आटोपलेल्या असत. एक ते तीन दाराची कडी वाजवायची नाही, मोबाईल उंबऱ्याबाहेर जाऊन घ्यायचा, भांडीवाल्या मावशींनी पातेली हळू ठेवायची. कारण चिरंजीव झोपलेले असत. वय वर्षे सव्वादोन. आता तो शाळेत जातो आणि दुपारी झोप म्हटलं की अपमान झाल्यासारखा बघतो. ही गोष्ट २०१९ च्या डिसेंबरातली आहे.

त्याला झोपवायचं काम आमच्या अत्तींचं. अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, मूळच्या गोकाककडच्या. त्यांनी जुन्या इरकली लुगड्यांची शिवलेली कौदी अंथरायची, त्याला कुशीत घ्यायचं आणि कन्नडमध्ये काहीतरी गुणगुणायचं. माझी आई कोल्हापूरची, ती त्याला अंगाई म्हणते. अत्ती म्हणतात जोगुळ. पोराला एक आजी आणि एक अज्जी, आणि झोप मात्र अज्जीकडेच. मी थोपटायला बसले की हा टक्क जागा. लोक म्हणायचे, ‘बरं आहे की, तुला दुपारी मोकळीक!’ बरं तर होतंच. पण खरं सांगते, ते कुठंतरी टोचायचंही.

नाताळच्या सुट्टीत दादाकडे बडोद्याला जायचं ठरलं. वहिनी तिथल्याच, दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरातल्या. गायकवाडांच्या काळापासून तिथे राहिलेली ही माणसं मराठी बोलता बोलता मध्येच ‘चालो, बेसो’ करतात, आपण बेळगावात ‘बरीऽ’ म्हणतो तसंच. अत्तींनाही सोबत नेलं. सौंदत्तीची यल्लम्मा आणि पंढरपूर यापलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या. त्यांच्या पिशवीत दोन साड्या, चटणीचा डबा आणि ती कौदी. ‘एवढं ओझं कशाला?’ असं मी म्हटलंच.

दादानं पहिल्याच दिवशी आजव्याचा बेत आखला होता. शहरापासून वीसेक किलोमीटरवर सयाजीराव महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शहराच्या पाण्यासाठी बांधलेला मोठा तलाव आहे. शेजारची बाग म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर केलेली. हे ऐकून आमच्या ह्यांची मान उगीचच ताठ झाली. तिथेच आतापी वंडरलँड नावाचं मोठं थीम पार्क आहे. दादानं सगळ्यांची तिकिटं आधीच काढलेली. आणि तिकीट काढलं की आपल्या लोकांचं जे होतं तेच आमचं झालं. पैसे वसूल!

घरातून निघायला अकरा वाजले आणि गाडीत पोरगा वीस मिनिटं झोपला. लहान मूल घेऊन फिरलेल्या बायकांना पुढचं सांगायला नको. ती वीस मिनिटांची डुलकी म्हणजे भूक मारणारं बिस्किट. धड जेवण नाही आणि जेवणाची इच्छाही गेली.

एकच्या सुमारास तो कान ओढायला लागला. मला ती खूण चांगली माहीत होती. अत्तींनाही. त्यांनी एका झाडाखाली सावली हेरली, पिशवीतली कौदी काढली आणि म्हणाल्या, ‘मलगली बिडव्वा. ना कुंदरतीनि, नी होगि बा.’

मी म्हटलं, ‘नको अत्ती, गाडीत झोपलाय तो. आता नाही झोपायचा.’

वर मी असंही म्हटलं की तुमचं तिकीट वाया जाईल. त्यात थोडं खरं होतं. पण आत दुसरंच होतं. इतक्या लांब येऊन पोराला मजा मी दाखवणार, फोटोत त्याच्या शेजारी मी असणार, आणि इथेही तो त्यांच्याच कुशीत झोपला तर माझ्या वाट्याला काय? अत्तींनी कौदीची घडी केली आणि परत पिशवीत ठेवली. एक शब्द बोलल्या नाहीत.

तीन वाजता त्याला फुगा हवा होता. घेतला तर नको होता. पाणी दिलं तर ओतलं, बूट काढून फेकला, आणि भर रस्त्यात पाठ कमानीसारखी करून आडवा झाला. मी उचलायला गेले तर माझ्या गालावर नखं. येणारेजाणारे बघत होते. ह्यांनी मला विचारलं, झोपवलं का नाही? हे चिडले की कन्नडमध्ये भांडतात आणि मी मराठीत, त्यामुळे आमचं भांडण दोन्ही बाजूंच्या माणसांना पुरतं कळतं. दादा-वहिनी लांब जाऊन नकाशा वाचू लागले. साडेपाचला पोरगा ह्यांच्या खांद्यावर झोपला तो असा, की दिवे लागले, कारंजी नाचली, गाणी झाली, याला पत्ता नाही. आठला घरी पोचल्यावर जागा झाला आणि रात्री एकपर्यंत वहिनींच्या दिवाणखान्यात धावत होता.

असं का होतं, ते नंतर आमच्या बालरोगतज्ज्ञांनी नीट सांगितलं. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाचच्या मुलाला १० ते १३. दुपारची झोपही यातच धरायची. जागेपणी झोपेची ओढ साठत जाते. डुलकीनं ती थोडी उतरते, पण भागत नाही. वेळ टळली की शरीर स्वतःला जागं ठेवायला उलट चेवच आणतं. म्हणून अति थकलेलं मूल पेंगत नाही, धिंगाणा घालतं. आणि संध्याकाळी उशिरा झोपलं की रात्रीची ओढ संपलेली. आमच्या घरी तीही बाजू पुरी झाली.

त्या रात्री वहिनींनी माळ्यावरचं घोडियुं काढलं. घोडियुं म्हणजे गुजराती पाळणा. दोन बाजूंना उभे पाय, मध्ये दांडी, तिला कापडाची झोळी आणि हलवायला दोरी. बडोद्याजवळच्या संखेड्याचा, लाखेच्या रंगाचा, लाल-सोनेरी झगझगीत. पाळणाघराला गुजरातीत ‘घोडियाघर’च म्हणतात. अंगाईला तिकडे हालरडुं. वहिनींनी सांगितलं की गुजरातीतलं सगळ्यांत प्रसिद्ध हालरडुं शिवाजी महाराजांचं आहे. झवेरचंद मेघाणींनी लिहिलेलं, जिजाबाई बाळ शिवबाला झोपवताहेत असं. आज झोपून घे, पुढे झोप मिळायची नाही, असा त्याचा भाव. वहिनींनी ते म्हटलं आणि अत्ती भाषा न कळता मान हलवत ऐकत राहिल्या. चिरंजीव झोळीत उभे राहून टाळ्या वाजवत होते.

तो झोपल्यावर मी आणि अत्ती स्वयंपाकघरात भांडी लावत होतो. मी म्हटलं, ‘अत्ती, दुपारी मी ऐकायला हवं होतं.’ त्यांनी ते ऐकल्या न ऐकल्यासारखं केलं. मग आपणहून सांगायला लागल्या. गोकाकला असताना दर पावसाळ्यात घरची सगळी घटप्रभेचा धबधबा बघायला जायची. दीर, जावा, नणंदा, पोरंटोरं, भाकरीचं गाठोडं. चार मुलं झाली त्यांना, दोन-अडीच वर्षांच्या अंतरानं. दरवेळी धाकटं कुणीतरी झोपेला आलेलं असायचं. मग सगळे पुढे जायचे, झुलत्या पुलावर चढायचे, आणि या झाडाखाली कौदी टाकून बसायच्या.

‘सद्द केळीनि,’ त्या म्हणाल्या. आवाज ऐकलाय.

‘आणि पाणी?’

‘पोरं मोठी झाली तवर मावांचं जाणं-येणं थांबलं.’

तक्रारीचा सूरच नव्हता. तव्याला तेल लावून तो उलटा ठेवला आणि झोपायला गेल्या. मी मात्र बराच वेळ ओट्याशी उभी होते. कौदी पिशवीत का होती ते मला कळलं होतं. सहलीला गेलं की एक झाड आपलं, हे त्यांनी घरातूनच धरलं होतं. आणि आम्हीही. दादानं तिकीट काढलं, पण कुणी त्यांना विचारलं नव्हतं की तुम्हाला काय बघायचंय.

एक दिवस घरीच काढला. तिसऱ्या दिवशी कमाटी बाग. सयाजीरावांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठावर लोकांसाठी केलेली ही बाग, त्यात प्राणिसंग्रहालय आणि फुलांचं मोठं घड्याळ. काटे वर फिरतात, यंत्र जमिनीखाली. या वेळी नऊलाच निघालो. माकडं, वाघ, घड्याळ झालं. बाराला डब्यातलं जेवण. पाऊण वाजता मी कौदी मागितली.

‘तुला तो झोपायचा नाही,’ अत्ती म्हणाल्या. खरंच होतं ते.

‘नाही झोपला तर नाही. तुम्ही ह्यांच्याबरोबर म्युझियम बघून या.’

त्या दोनदा वळून बघत गेल्या. मी बूट काढले, टोपी काढली. वहिनींनी बाबागाडी आणली होती आणि ऊन नको म्हणून तिच्यावर ओढणी टाकायला निघाल्या होत्या, ते नको म्हटलं. आत वारा खेळत नाही आणि पोर उकडून निघतं. सावलीतली जमीन बरी. तो ‘अज्जी? अज्जी?’ करत राहिला. मी आईची अंगाई सुरू केली. ती विसरले तिथे अत्तींच्या जोगुळाची चाल लागली, शब्द माझे मलाच कळेनात. कौदीला घरच्या कपाटाचा, शिकेकाईचा वास होता. पंचवीस मिनिटं लागली. माझा हात बधिर झाला, पण काढायची हिंमत झाली नाही.

मग नुसतं बसणं. पुस्तक दादाच्या गाडीत, मोबाईल ह्यांच्याकडे. उत्तरायण जवळ आलेलं, झाडांवर तुटलेल्या पतंगांचे शेपटे लोंबत होते. सगळे आत काहीतरी बघताहेत आणि आपण इथे, हे पहिली दहा मिनिटं फार जाणवतं. अत्तींनी अशी किती वर्षं काढली असतील, ते मोजायला लागले आणि सोडून दिलं.

दोन तासांनी मंडळी आली. सगळ्यांत पुढे अत्ती, पदर खोचलेला. १८९४ साली उभ्या राहिलेल्या त्या इमारतीत एक खरीखुरी इजिप्शियन ममी आहे, पण तिच्याबद्दल त्यांनी एवढंच म्हटलं की बिचारीला झोपू पण देत नाहीत. त्यांना बोलायचं होतं ते देवमाशाबद्दल. १९४४ साली मही नदीच्या मुखात वाट चुकून आलेला निळा देवमासा, त्याचा ७२ फुटी सांगाडा तिथे ठेवलाय. दोन्ही हात पसरून त्या लांबूनच सांगत आल्या, ‘मनी अष्टु दोड्डद ऐती! मनी अष्टु!’ घराएवढा. एक ते तीन हळू बोलायचं, हा त्यांनीच केलेला नियम त्यांना आठवला नाही, आणि मीही बोट ओठांवर नेलं नाही.

पोरगा डोळे चोळत उठून बसला. तीनला दहा कमी होते. अत्ती कौदीवर टेकल्या, त्याला मांडीवर ओढलं आणि माशाची बरगडी केवढी होती ते पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.