तरी आणि तैलरंग
(बडोद्यातले तीन दिवस)

१
स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला जुळवून आणलेल्या गुजरातीत पत्ता सांगितला. तो म्हणाला, "बसा ताई, दांडिया बझारच ना?"

२
सेव-उसळ. वाटाण्याची पातळ उसळ, वर शेवेचा ढीग, कांद्याची पात, सोबत पाव. तिखट लाल रस्सा वेगळा, त्याचं नाव इथेही 'तरी'च. दुकानाची पाटी गुजरातीत, मालक गुजराती, गिऱ्हाईक गुजराती, आणि मधोमध हे दोन शब्द, उसळ आणि तरी, घरच्यासारखे बसलेले. कोल्हापूरच्या कटाचा जाळ हिच्यात नाही, लसूण मात्र भरपूर. मला ही जास्त आवडली. कोल्हापूरच्या मावशीला हे सांगायचं आहे.

३
सयाजीबागेतलं संग्रहालय. जुने लोक बागेला अजून कमाटीबाग म्हणतात. शेजारच्या चित्रदालनाची इमारत १९१४ मध्ये बांधून तयार झाली. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यासाठी युरोपात चित्रं घेतली जात होती. निवडीला स्पीलमन हे इंग्रज कलासमीक्षक होते. तेवढ्यात पहिलं महायुद्ध पेटलं आणि चित्रं तिकडेच अडकली. दालन उघडलं १९२१ मध्ये. सात वर्षं भिंती तयार आणि चित्रं समुद्रापलीकडे. आज त्या भिंतींपाशी उभी राहिले तेव्हा चित्रांइतकीच ती वाट पाहणारी वर्षंही मनात होती.

४
निळ्या देवमाशाचा सांगाडा. १९४४ मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला. एक लहान मुलगी जबड्यापासून शेपटीपर्यंत पावलं मोजत गेली, शेवटी आकडा विसरली, परत जबड्यापाशी आली.

५
अकोट्याचे ब्राँझ. १९५१ मध्ये इथेच, शहराला लागून असलेल्या अकोट्यात अडुसष्ट जैन मूर्ती सापडल्या. त्यांतला जीवंतस्वामी सहाव्या शतकातला. हा महावीरच, पण अजून राजपुत्र: डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने, आणि तरीही कायोत्सर्गात, ध्यानात उभा. राजवाडा सोडण्याआधीच तो मनाने निघालेला आहे. मूर्तिकाराने हे चेहऱ्यावर आणलं कसं, हे बघायला तीनदा मागे गेले. आजवर पाहिलेल्या सगळ्या महावीरांत मला हा सर्वांत जवळचा वाटला.

६
दिवसाला दोनच संग्रहालयं. तिसऱ्यात डोळे चित्रावर असतात, पण बघत नाहीत.

७
लीलो चेवडो. लीलो म्हणजे हिरवा, ओला. बटाट्याचा कीस आणि हरभऱ्याची डाळ, आंबटगोड, हिरव्या मिरचीचा. आपला चिवडा कुरकुरला नाही तर आपण डबा उन्हात ठेवतो. हा मऊच असायला हवा. पहिल्या घासाला जीभ बिचकते, चौथ्याला पुडा संपत आलेला असतो.

८
फत्तेसिंह संग्रहालय, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात. एकेकाळी इथे राजघराण्यातल्या मुलांची शाळा होती. आता भिंतींवर राजा रविवर्मा.

त्यांची 'सरस्वती' १८९६ ची. आजीच्या देवघरात हीच होती, शाळेच्या ऑफिसात हीच, वाण्याच्या कॅलेंडरवर हीच. १८९४ मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या देवी घराघरांत गेल्या. इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर मूळ चित्रासमोर आज प्रथमच उभी राहिले. ती कमळावर नाही, खडकावर बसली आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि पांढरी साडी एका पांढऱ्याची नाही. निरीत निळसर, गुडघ्यावर पिवळट, सावलीत राखाडी. छापताना हे सगळे पांढरे एक झाले. आजीला हे बघायला मिळायला हवं होतं. ती जरीचा काठ आधी बघायची.

पहारेकरी म्हणाला, "लोक सेल्फी काढता येत नाही म्हणून लवकर जातात. तुम्ही बसा."

९
त्याच दालनात 'सीताभूमिप्रवेश', १८८० चं. शेजारी एक आजोबा नातवाला गोष्ट सांगत होते, गुजरातीत. धरणी दुभंगते तिथे आले आणि थांबले. नातू म्हणाला, "पछी?" ते काहीच बोलले नाहीत.

१०
विश्वामित्री नदीत मगरी आहेत. शहराच्या मधून वाहते, पुलावरून माणसं स्कूटरवर ऑफिसला जातात.

११
कीर्तिमंदिर, गायकवाडांचं स्मारक. नंदलाल बोस इथे १९३९ ते १९४६ या काळात येऊन भिंती रंगवत होते: गंगावतरण, मीराबाईचं जीवन, महाभारत, नटीर पूजा. रविवर्म्यांच्या तैलरंगांची चमक डोळ्यांत घेऊन आलेल्या माणसाला आधी थोडं थांबावं लागतं. मग रेषा बोलू लागते. रविवर्मा आणि नंदलाल यांच्यात कोण मोठा, हा वाद मी कॉलेजात तावातावाने घातला आहे. इथे दोघं एकाच गावात, रिक्षाने थोड्या अंतरावर.

१२
तांबेकर वाडा. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण. लाकडी जिना, बुटकी दारं, आणि आत भिंतभर चित्रं: कृष्णकथा, महाभारत, इंग्रज-मराठा लढाई. काही रंग ताजे, काही ठिकाणी नुसता चुना. डोळे अंधाराला सरावले की एकेक माणूस भिंतीतून पुढे येतो. तासभरात आणखी कुणी आलं नाही. हे बघायला बडोद्याला पुन्हा येईन, आईला घेऊन.

१३
निघण्याआधी पुन्हा सेव-उसळ. वाढणाऱ्याने ओळखलं. न विचारता म्हणाला, "तरी वधारे?"