वाटेचे कसले पैसे

म्हसळ्यापर्यंत पाण्याने जाता येतं हे मला आगरदांड्याच्या एका तांडेलाने दाखवलं. मी काढलेल्या एकाही नकाशावर त्यांचं नाव नाही. नकाशाच्या कोपऱ्यात मोजणी करणाऱ्याच्या नावाला चौकट असते, यंत्राच्या नंबराला असते, तारखेला असते. वाट सांगणाऱ्याला नसते.

जेटीवर सगळे त्यांना चाचा म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. सत्तरी ओलांडलेली. होडी मुलाच्या हवाली केली होती, पण मुलाला सुकाणूवरून उठवायचा हक्क स्वतःकडे ठेवला होता आणि तो ते दिवसातून एकदा तरी वापरत.

मी तिथे पोचलो तो एका कायद्याच्या मागोमाग. २०१६ साली केंद्र सरकारने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरवले. त्यात राजपुरी खाडीला ८३ वा क्रमांक मिळाला, लांबी ३१ किलोमीटर, समुद्रापासून म्हसळ्यापर्यंत. त्यानंतरच्या हिवाळ्यात एका खासगी कंपनीने मला खोली मोजायला धाडलं. सोबत एको साउंडर, लॅपटॉप, बॅटऱ्या आणि माझा डिप्लोमा. खाडीच्या तोंडाशी काम सोपं होतं. जंजिरा, राजपुरी, दिघी, आगरदांडा या पट्ट्यात पाणी खोल आहे, म्हणून तर दिघीला बंदर झालं. आत शिरलं की खाडी फाटे फोडते, दोन्ही काठांवर तिवरं दाटतात आणि पाण्याखाली काय आहे ते वरून कळेनासं होतं.

चाचांनी माझं यंत्र बघितलं. चांगलं आहे म्हणाले. मग विचारलं, "आज तिथी काय?"

मला तिथी ठाऊक नव्हती. ते हसले नाहीत. बोटांवर मोजून म्हणाले, "अष्टमी. पाऊणपट कर. सहा. म्हणजे भरती सहाला पुरी होणार, आपण तीनला निघायचं." हे गणित किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलंय आणि माझ्याकडच्या छापील कोष्टकाशी त्याचा फरक फार पडत नसे. पण तीनला का? भरती पुरी झाल्यावर निघालं तर पाणी जास्त मिळेल, असं मी म्हणालो. चाचा म्हणाले, "जास्त मिळेल, पण पुढे काय? अर्ध्या भरतीला नाव रुतली तर मागून येणारं पाणी उचलून घेतं. पुऱ्या भरतीला रुतली तर पुढच्या भरतीपर्यंत बस चिखलात. आणि उधाणाच्या टोकाला रुतलास, तर पंधरवडाभर तिथंच संसार मांड."

अनोळखी खाडीत मी आजही अर्ध्या भरतीलाच शिरतो. बाणकोटला गेलो, दाभोळला गेलो, हाच नियम चालला. कुठेही गेलो की आधी तिथला सगळ्यात म्हातारा तांडेल कोण ते विचारतो आणि यंत्राची पेटी नंतर उघडतो. माझ्या पोटापाण्याचा निम्मा भाग असा त्या एका दुपारवर उभा आहे.

वर जाताना चाचा बोलत होते. त्यांच्या वडिलांचा मचवा होता. वरून भात, जळाऊ लाकूड आणि कोळसा खाली यायचा, मुंबईहून कौलं आणि किराणा वर जायचा. मग रस्ते झाले, एसटी आली, ट्रक आले आणि वाण्यांनी माल रस्त्यावर टाकला. भांडण कुणाशीच झालं नाही. एका वर्षी मचवा दुरुस्तीला ओढला तो परत पाण्यात उतरलाच नाही, एवढंच. खरं तर ही वाट मचव्यांहूनही फार जुनी. खाडीच्या वरच्या अंगाला मांदाडजवळ कुड्याची बौद्ध लेणी आहेत, एकूण २६. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये माळी आहे, वैद्य आहे आणि कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारीही आहे. घाटावरचा माणूस इथे लेणं कोरायला पैसे देतो, ते डोंगराची हवा आवडली म्हणून नसणार. खाली गलबतं लागत असणार, असं मला वाटतं.

एका वळणावर यंत्राने एक मीटरहून कमी पाणी दाखवलं. मी मुलाला थांब म्हणालो. चाचांनी काठी टाकली. ती यंत्राच्या तळाच्याही खाली, हातभर आत गेली. वरचा थर नुसता राबडीसारखा पातळ चिखल होता. आवाजाची लहर त्याच्यावरच आपटून परत येत होती. "हा तळ नाही. पोट घासेल, पण नाव जाईल." आणि गेली. पुढच्या वळणावर यंत्र भरपूर पाणी सांगत होतं, तिथे मात्र त्यांनी होडी काठाला घेतली. काठावरचं एक माडाचं झाड मागच्या टेकडीच्या खांद्याला भिडेपर्यंत सरळ जायचं, मग वळायचं. मधे खडक होता, यंत्राच्या दोन फेऱ्यांच्या मधोमध नेमका सुटलेला. माझ्या तक्त्यात तो खडक आता आहे. अक्षांश-रेखांशासकट.

परतताना मी उत्साहात होतो. गाळ काढला की बोटी परत सुरू होतील, असं बोललो. इंग्लंडचं उदाहरणही दिलं. तिथला केनेट-एव्हन कालवा १९५० च्या दशकात बंद पडला होता, लोकांनी सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन तो उपसला, दारं नवी बसवली आणि १९९० साली राणीच्या हस्ते तो पुन्हा उघडला. चाचांनी लक्षपूर्वक ऐकलं.

"त्यांचं पाणी उभं असतं," ते म्हणाले. "आपलं येतं-जातं. चर तू खणशील, पण सुकती कुठून आणशील?"

हे मी पुढे पुस्तकांतून नीट समजून घेतलं, पण पुस्तकांत याहून वेगळं काही नव्हतं. खाडी स्वतःला धुते ती ओहोटीने. भरतीला जेवढं पाणी खाजणांत पसरतं, तेवढंच जोराने परत निघतं आणि जाताना गाळ ओढून नेतं. खाजणांना बांध घालून शेती केली, उघाड्या बसवल्या, की पाण्याची पसरायची जागा आटते. ओहोटीचा जोर जातो. वरून डोंगर बोडके झालेले, पावसात माती येतच असते. मग नुसता चर खणला तर दोन-चार पावसाळ्यांत तो पुन्हा भरतो. खारभूमीची शेती ही इथल्या गरिबांची शेती आहे, तिचे बांध फोडा असं कोणी म्हणू नये. पण निविदेत फक्त उपसायच्या गाळाचे घनमीटर धरले, तर तो पैसा खाडीतच विरघळणार, हे सांगायला मला आता संकोच वाटत नाही. ते धाडसही उसनंच आहे.

जेटीला लागल्यावर मी पाकीट काढलं. त्यांनी डिझेलचे पैसे घेतले, मुलाची मजुरी घेतली, बाकीच्या नोटा माझ्या खिशात परत कोंबल्या. "वाटेचे कसले पैसे? वाट मी बांधली काय?" मग घरी नेलं. चाचींनी तांदळाची भाकरी आणि सुकट वाढली आणि पोरगा इतका बारीक का, याची चौकशी माझ्याकडे न करता त्यांच्याकडे केली.

आता आगरदांडा-दिघी जंगलजेटीवर सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी इथे खाडीवर पूल ठरला आहे. तो झाला की आडवं जाणाऱ्यांना बोट लागणार नाही. उभं, म्हणजे खाडीने आत म्हसळ्याकडे जाणाऱ्यांचं काय, हा प्रश्न पुलाच्या नकाशात येत नाही.

तक्ता छापून आला तेव्हा एक प्रत घेऊन मी चाचांकडे गेलो. कोपऱ्यातल्या चौकटीखाली मी पेनने त्यांचं नाव लिहिलं होतं. ते त्यांनी पाहिलं की नाही कोण जाणे. चष्मा लावून त्यांनी बोट थेट तिसऱ्या वळणावर ठेवलं.

"हा दांडा आता इथं नाही. गेल्या पावसात सरकला. पेन्सिल आहे का?"