२५६ घरांतील माणूस

शाळेच्या वाटचालीतील एखादा संस्मरणीय प्रसंग लिहून द्यावा, अशी स्मरणिका समितीची आज्ञा झाली, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर इमारतीचा समारंभ आला नाही, की निकालाचा फलकही आला नाही. आठवली ती संगणक कक्षातील आलेखवहीची काही पाने. इतिहास शिकविण्यात आमची उभी हयात गेली. परंतु इतिहासाचे चित्र कसे काढावे, हे आम्ही त्या पानांवर शिकलो.

काही वर्षांपूर्वी २० मार्चच्या कार्यक्रमासाठी आठवी-नववीच्या मुलामुलींनी चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर संगणकावरील खेळ तयार करण्याचे ठरविले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ साली मुलांसाठी खुली केलेली 'स्क्रॅच' ही प्रणाली विनामूल्य मिळते. तीत आज्ञांचे ठोकळे एकमेकांना जोडले की पडद्यावरील चित्र चालू लागते. दिवस थोडे उरले होते, म्हणून आम्हीच मुलांना म्हणालो, "बाळांनो, चित्रे काढत कशाला बसता? इंटरनेटवर तयार मिळतात, ती घ्या." मुलांनी ती घेतली. नायक म्हणून कुठल्याशा परदेशी खेळातील सोनेरी केसांचा राजपुत्र आला. तळ्याच्या जागी किल्ल्याचा खंदक आला आणि वाट अडविणारे म्हणून शिंगांचे राक्षस आले.

त्या रात्री वसतिगृहातील लहान मुलांना खेळ दाखविला. पाचवीतील एक मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, ह्याला तर कुणीबी पाणी देतंय की. मग ह्यो कशाला चाललाय?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्याला पाणी नाकारले गेले, तोच माणूस आमच्या खेळातून नाहीसा झाला होता, आणि तो आमच्याच सांगण्यावरून नाहीसा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनेच्या वेळी पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलापाशी आमचे मन अडखळले. न दिलेले घ्यावयाचे नाही, हे रोज म्हणणाऱ्या मुलांना दुसऱ्याच्या श्रमाची चित्रे विचारल्याविना उचलावयास आम्ही सांगितले होते. वंदना संपल्यावर सर्वांसमक्ष आपली चूक कबूल केली आणि सांगितले, चित्रे आपली आपण काढू.

मुले चिंतेत पडली. "आम्हांला चित्रकला येत नाही," असे बहुतेकांचे म्हणणे. पण अशा खेळांची चित्रकला निराळी असते. १६ घरे रुंद आणि १६ घरे उंच एवढाच चौकोन घ्यावयाचा. त्यातील २५६ घरे एकेक करून रंगवावयाची. १९८१ साली जपानच्या शिगेरू मियामोतो यांनी 'डाँकी काँग' या खेळासाठी जो छोटा माणूस रचला, तोच पुढे मारिओ या नावाने जगभर गेला. इतक्या थोड्या घरांत केस नीट दिसत नाहीत म्हणून त्याला टोपी दिली, आणि तोंड दाखविता येत नाही म्हणून मिशी. अ‍ॅपलच्या मॅकिंटॉश संगणकाची चिन्हेही सुझन केअर यांनी प्रथम आलेखाच्या कागदावरच रेखाटली होती.

हे सांगत असता आठवीतील एक मुलगी एकदम म्हणाली, "सर, हे तर चादरीचं डिझाईन!" तिचे वडील सोलापुरात यंत्रमागावर होते. सोलापुरी चादरीवरील वेल किंवा मोर आधी चौकटींच्या कागदावर उतरवितात, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना छिद्रे पाडतात आणि त्या छिद्रांप्रमाणे जेकार्डचे धागे उचलले जातात, हे तिने फळ्यावर काढून दाखविले. चित्रकला येत नाही ही तक्रार तिथेच संपली. मंद्रूपच्या मुलांना ही कला परकी नव्हती. त्यांच्या अंथरुणावरच ती पसरलेली होती.

आलेखवहीवर माणूस उभा राहिला, तेव्हा रंगाचा प्रश्न आला. रंगपेटीतील ज्या फिकट गुलाबी खडूला मुले 'स्किन कलर' म्हणतात, तो वर्गातील एकाही हाताशी जुळेना. अखेर मुलांनी आपापले हात पडद्याशेजारी धरले आणि जुळेपर्यंत रंग बदलत राहिली. तपकिरी रंगाच्या चार छटा निघाल्या, चारही ठेवल्या. कुणीतरी तळ्याच्या मधोमध बाबासाहेबांचा पुतळा काढला. तो पुतळा आजचा, १९२७ चा नव्हे, हे सांगून आम्ही तो पुसावयास लावला. इतिहासाच्या शिक्षकाचा तेवढाच उपयोग.

राक्षस मात्र तसाच राहिला होता. सवर्णांच्या जमावासाठी मुलांनी स्वतःच्या हाताने नवी शिंगे आणि सुळे काढले होते. आम्ही विचारले, "पुराणांत शिंगे आणि सुळे कुणाला दिले?" मोठी मुले गप्प झाली. ज्यांच्या पूर्वजांना असुर आणि राक्षस ठरवून माणसांतून उठविले, त्यांच्या लेकरांनी तोच कुंचला हाती घ्यावा काय? जमावाने परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला केला, हे सत्य आहे. पण हल्ला करणारी माणसेच होती. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे हे सवर्ण समाजात जन्मलेले बाबासाहेबांचे सहकारी, हेही सत्य आहे. मुलांनी शिंगे पुसली. वाट अडविणाऱ्यालाही तीच २५६ घरे मिळाली.

शेवटचा पेच सर्वांत अवघड होता. अशा खेळांत नायकाला बहुधा तीन जीव असतात. नववीतील मुलगा म्हणाला, "बाबासाहेबांना तीन जीव कसे द्यायचे, सर? आणि ते मरायचे कसे?" दोन दिवस वाद झाला. ठरले ते असे: बाबासाहेब कुणाच्याही कळीवर चालणार नाहीत, ते पुढे चालतील. खेळणारा मागच्या रांगेतील बिननावाचा माणूस असेल. तो पडला तर मरणार नाही, पुन्हा रांगेत उभा राहील. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना संयम राखावयास सांगितले होते, म्हणून मारण्याची कळच ठेवली नाही. शेवटच्या पडद्यावर चार नोंदी दिल्या: १९२३चा बोले यांचा ठराव, १९२४चा महाड नगरपालिकेचा निर्णय, २० मार्च १९२७ आणि १९३७चा उच्च न्यायालयाचा निकाल. कायद्याने उघडलेले पाणी ओंजळीत यावयास किती चालावे लागते, हे त्या नोंदींवरून लहान मुलांनाही कळले.

खेळ काही उत्तम नव्हता. चालताना माणसाचे पाय थरथरत आणि जुने संगणक मध्येच थांबत. तरीही पाचवीतील तो मुलगा रांगेत माणूस चालवीत तळ्यापर्यंत गेला आणि या खेपेस त्याने काही विचारले नाही.

ते संगणक आता मोडीत निघाले, खेळाची प्रतही उरली नाही. आलेखवहीची अकरा पाने तेवढी आमच्या कपाटात आहेत. ती या वर्षी शाळेच्या ग्रंथालयात देत आहोत. माजी विद्यार्थ्यांपैकी कुणापाशी आणखी असतील तर त्यांनी अवश्य पाठवावीत. पाणी पिणाऱ्या माणसाचे पान सर्वांत जीर्ण झाले आहे. ओंजळीसाठी तीनच घरे होती. चादरीचे डिझाईन ओळखणाऱ्या मुलीने ती इतक्या वेळा खोडून पुन्हा भरली की तिथे कागदाला भोक पडले आहे.

जय भीम!