शेपटीवरची काळी पट्टी

कुरव मला आवडत नाहीत. त्यांची कर्कश ओरड, दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवण्याची खोड, गाठी-शेवेच्या पुडीवर पडणारी त्यांची झुंबड, सगळंच नकोसं वाटतं. तरी दिवाळी सरली, हवेत गारवा आला की ठाकुर्लीहून माझे पाय कॅमेऱ्यासकट उल्हासच्या खाडीकडे वळतात. दुर्गाडीच्या काठावर माणसं पुड्या सोडून उभी असतात. ‘सीगल आले, सीगल आले’ म्हणत मुलं शेव उधळतात आणि पांढऱ्या पंखांचा गलका डोक्यावर उठतो.

त्या गलक्यातला एकच पक्षी लेन्समध्ये धरला की तो वेगळा होतो. हिवाळ्यात त्याचं डोकं पांढरं असतं. डोळ्यामागे तेवढा एक काळा डाग, नजर लागू नये म्हणून लावलेल्या तिटेसारखा. मोठ्यांचे पाय आणि चोच लाल. काहींच्या पंखांवर मात्र तपकिरी पिसं मिसळलेली, पाय फिके नारिंगी आणि शेपटीच्या टोकाला काळी पट्टी. ही याच वर्षीची पिल्लं. यांचं घरटं आपल्याकडे कधीच दिसत नाही. तपकिरी डोक्याचा कुरव अंडी घालतो तो लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी. त्सो मोरीरी तर साडेचार हजार मीटरवर. उन्हाळ्यात तिथं अंड्यातून निघालेलं पोर, पंख फुटून काही महिने होतात न होतात तोच, खाडीच्या चिखलात उतरलेलं असतं.

यांचाच भाऊबंद काळ्या डोक्याचा कुरव. नीको टिनबर्गन यांनी त्याच्या वसाहतींत बसून निरीक्षणं केली; पुढे १९७३ साली प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना नोबेल विभागून मिळालं. पिल्लू बाहेर आलं की आईबाप फुटलेलं कवच उचलून लांब टाकतात, कारण आतला पांढरा भाग कावळ्यांच्या नजरेत भरतो. पण ते लगेच उठत नाहीत. ओलं पिल्लू शेजारचाच कुरव गिळू शकतो. म्हणून ते सुकेपर्यंत जवळ थांबतात. ज्या हावरेपणाचा मला तिटकारा, त्याची धास्ती त्यांनाही आहे.

ओहोटीला एका पट्टीवाल्या पोराने चिखलातून निवटी मासळी उचलली. ती चोचीत वळवळत असतानाच एक मोठा कुरव अंगावर आला, पोराने ती टाकली आणि मोठ्या कुरवाने ती गिळली. मला मनस्वी चीड आली. बोट मात्र बटणावरून हटलं नाही. पोर क्षणभर थांबलं आणि पुन्हा चिखल टोचू लागलं.

म्हणून काठावर येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तळलेली, खारट शेव यांना घालू नका. निवटी धरायची कशी आणि धरलेली राखायची कशी, हे या पोरांनी याच चिखलात शिकायचं असतं. कुरव मला उद्याही आवडणार नाहीत. पण थंडी सरल्यावर ते उत्तरेला निघतील, तेव्हा त्यांच्या पंखांत स्वतः धरलेल्या मासळीचं बळ असावं, असं मला मनापासून वाटतं.