खाली बस

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी दोन-तीन वर्षांचे भावंड आहे? असेल तर त्याच्या बोबड्या बोलण्यावर तुम्ही पोट धरून हसला असाल. आज मी तुम्हांला माझ्या मुन्नाची गोष्ट सांगणार आहे. मुन्ना आता मोठा झाला आहे, नोकरी करतो. ही गोष्ट चारचौघांत सांगितलेली त्याला आवडत नाही. म्हणून तुम्ही ऐका, पण त्याला सांगू नका बरे का!

सन २००४ मध्ये आम्ही करमाडला राहत होतो. करमाड हे जालना रस्त्यावरचे गाव. औरंगाबादपासून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरपासून, वीसेक किलोमीटरवर. गावाला रेल्वे स्टेशनही आहे. आमच्या घराला लागून एका मराठी कुटुंबाचे घर होते. दोन्ही अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना मी मावशी म्हणत असे आणि मुन्ना आजी म्हणे. सकाळी मी शिलाई मशीनवर बसले की मुन्ना भिंतीपलीकडे, तो थेट दुपारीच परत येई.

आमच्या घरात दखनी उर्दू, मावशींच्या घरात मराठी. मग गमती व्हायच्याच. एकदा मावशींनी मुन्नाच्या हातात दोन बिस्किटे दिली आणि म्हणाल्या, "एक तू खा, एक दादाला दे." मावशींचा आठ वर्षांचा नातू शेजारी हात पुढे करून उभा होता. मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ. आपल्याकडे दादा कोणाला म्हणतात, ते तुम्हांला सांगायला नको. मुन्ना बिस्कीट घेऊन तडक घरी आला आणि खाटेवर बसलेल्या माझ्या सासऱ्यांच्या तोंडात त्याने ते कोंबले. सासऱ्यांना मधुमेह. डॉक्टरांनी गोड अगदी बंद केलेले. पण नातवाने दिलेल्या बिस्किटाला नाही कसे म्हणायचे? दुसऱ्या दिवसापासून मुन्नाला पलीकडे पाठवण्याची घाई माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त होऊ लागली.

हे सगळे हसण्यासारखे होते. पण मला एक काळजी लागली होती. मुन्ना अडीच वर्षांचा झाला तरी घरात फारसा बोलत नसे. पाणी, दूध, अम्मी, आपा, असे सुटे शब्द तेवढे म्हणे. त्याची थोरली बहीण दोन वर्षांची असताना पोपटासारखी बोलत होती. येणारे-जाणारे विचारू लागले. प्रत्येकाजवळ एक सल्ला होता. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "दो-दो ज़बानां सुनके बच्चा गड़बड़ा गया."

मला ते पटले. त्याच दिवशी मी अंगणाच्या दाराला कडी लावली.

"काय गं पोरी, लेकरू दिसंना?" मावशींनी भिंतीवरून विचारले. "सर्दी झाली आहे," मी म्हणाले. चार दिवसांनी सांगितले, खोकला आहे. मग ताप, मग पोट. त्या एका महिन्यात मी माझ्या धडधाकट मुलाला किती आजार लावले! पुढे मावशींनी विचारणेच सोडून दिले. मुन्ना मात्र संधी मिळाली की अंगणात जाई. भिंत त्याच्या डोक्याहून उंच. तो आपली एक चप्पल काढून पलीकडे फेकी. थोड्या वेळाने ती चप्पल भिंतीवर ठेवलेली दिसे. ठेवणारा हात दिसे, पण आवाज येत नसे. खरे सांगते, मला त्या चपलेकडे बघवत नसे.

आणि मुन्ना? तो अधिक बोलू लागला का? उलट, होता तो आवाजही कमी झाला.

अखेर आम्ही त्याला शहरात डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आधी त्याचे कान तपासायला सांगितले. मूल उशिरा बोलत असेल तर त्याला नीट ऐकू येते की नाही, हे पहिल्यांदा पाहावे लागते. कान उत्तम होते. मग त्यांनी विचारले, "किती शब्द बोलतो?"

"एकोणीस," मी म्हणाले. मी मोजून ठेवले होते.

"कोणत्या भाषेतले?"

"आमच्या."

"आणि शेजारच्या भाषेतले?"

मी गप्प झाले. ते मी मोजलेच नव्हते. डॉक्टर हसले. म्हणाले, "बाई, तुम्ही अर्धाच हिशेब आणलात. दोन भाषा ऐकणारे मूल काही शब्द या घरात ठेवते, काही त्या घरात. दोन्हीकडचे मिळून मोजायचे. दोन भाषांमुळे मूल मुके होत नाही. आणि तो दोन शब्द जोडतो का, तेही बघून या."

आता मावशींकडे जाणे आले. वही-पेन घेऊन मी त्यांच्या पुढच्या दाराने गेले आणि सगळे खरे सांगून टाकले. मावशी बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, माझंच काही चुकलं." त्यांनी सूप बाजूला ठेवले. "लिही."

भाकर, शेळी, कोंबडी, ऊन, झोका, चांदोबा... त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. चौतीस शब्द भरले! कागद, साबण, गाडी हे शब्द कोणाच्या यादीत घालायचे, यावर थोडी चर्चा झाली. 'नको'वर मात्र चांगलीच जुंपली. मावशी म्हणाल्या, तो मराठी. भिंतीपलीकडून सासूबाई ओरडल्या, "नक्को तो हमारा है!" दोघींचेही खरे होते. हा शब्द मराठीतून दखनीत गेला, आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या दखनी कवींनीही तो वापरला आहे.

"दोन शब्द जोडतो का?" मी विचारले.

"नाही बाई. एकच शब्द दोनदा म्हणतो. माझी सून शेतातून आली की नातू ओरडतो, 'आई आली!' तुझा मुन्ना आपला 'आई आई' करतो."

माझ्या हातातले पेन तसेच राहिले. मित्रांनो, तुमच्या लक्षात आले ना? पहिली 'आई' मराठीतली, दुसरी 'आई' उर्दूतली. आई आली! माझ्या मुलाचे पहिले वाक्य. ते त्याने दोन्ही घरांतून एकेक शब्द घेऊन बनवले होते. मी मावशींना त्याचा अर्थ सांगितला, तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मी लगेच घरी जाऊन दाराची कडी काढली.

पुढे मुन्ना फाटकाजवळ उभा राहून मालगाडीचे डबे मोजू लागला, "एक, दोन, तीन, चार, पांच, छे, सात..." एक, तीन, चार, सात, आठ हे आकडे दोन्ही भाषांत सारखेच आहेत. बाकीचे तो मनाला येईल त्या घरातून घेई.

सहा महिन्यांनी आम्ही एस.टी.ने औरंगाबादला निघालो होतो. गाडी खच्चून भरलेली. मुन्ना खिडकीशी सीटवर उभा. मागच्या बाई मायेने म्हणाल्या, "बाळा, पडशील. खाली बस."

मुन्नाने मागे वळून सगळ्या गर्दीवर नजर फिरवली आणि मोठ्याने सांगितले, "खाली बस नाही! ही भरलेली बस आहे!"

आमच्या भागात उर्दू सगळ्यांनाच थोडीफार कळते. सारी गाडी हसू लागली. कंडक्टर म्हणाले, "याला तिकीट लागत नाही, पण याच्या बोलण्याचं अर्धं तिकीट घ्यावं लागेल!"

संध्याकाळी मी भिंतीशी उभी राहून हा किस्सा सांगितला. ते वाक्य वहीत कोणत्या यादीत लिहायचे, यावरून मावशी आणि सासूबाई दिवेलागणीपर्यंत भांडत होत्या.